आयफोनचं ॲप अँड्रॉइडवर, अँड्रॉइडचं ॲप भलत्याच फोनवर: चालवलं तर गुन्हा होतो का?

समजा, कराडजवळच्या मलकापुरात एक कुटुंब आहे. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं नवा फोन घेतला आणि आपला जुना आयफोन वडिलांना दिला. वडील खूश. पण चार दिवसांतच अडचण आली. जुन्या अँड्रॉइड फोनवर पैसे भरून घेतलेलं एक ॲप या फोनवर येईना. मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके फाईल उघडेना. शेवटी नातवानं निकाल दिला, "आबा, ते ॲप त्या फोनचं हाय. ह्या फोनवर न्हाई चालायचं."

आबांचा प्रश्न साधा आहे. फोन माझा, ॲपचे पैसे मी भरले, मग ते कुठल्या फोनवर चालवायचं हे कंपनी का ठरवणार? आणि एखाद्या हुशार पोरानं जुगाड करून ते चालवून दाखवलं, तर तो गुन्हा होतो का?

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. कारण यात चार वेगवेगळे कायदेशीर विषय एकमेकांत अडकलेत: कॉपीराइट, लायसन्सचा करार, डिजिटल कुलूप आणि कंपन्यांमधली स्पर्धा. एकेक करून समजून घेऊ.

मुळात एका फोनचं ॲप दुसऱ्यावर चालत का नाही?

ॲप एकटं काहीच करत नाही. कॅमेरा उघडायचा असो, लोकेशन घ्यायचं असो की स्क्रीनवर एक बटण दाखवायचं असो, प्रत्येक वेळी ते फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारतं. हाक कशी मारायची, याचे ठरलेले नियम असतात. त्यांना एपीआय म्हणतात. अँड्रॉइडचे नियम वेगळे, आयफोनच्या आयओएसचे वेगळे.

उसाच्या हंगामात रेठऱ्याच्या कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आठवा. ट्रॅक्टर एका कंपनीचा असतो, ट्रॉली गावातल्या वेल्डिंगवाल्यानं बनवलेली असते. तरी दोन्ही जुळतात, कारण हुक आणि पिन यांचं माप सगळ्यांना ठाऊक आहे. एपीआय म्हणजे सॉफ्टवेअरचा हुक. अँड्रॉइड आणि आयफोन यांचे हुक जुळत नाहीत, म्हणून ॲप जोडलं जात नाही.

यावर तीन मुख्य उपाय आहेत.

पहिला, दुभाष्या ठेवायचा. ॲप अँड्रॉइडच्या भाषेत बोलतं, मधला एक थर ते ऐकतो आणि दुसऱ्या सिस्टीमच्या भाषेत सांगतो. याला कंपॅटिबिलिटी लेअर म्हणतात. कॉम्प्युटरवर विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा 'वाइन' हा प्रकल्प १९९३ पासून हेच करतोय.

दुसरा, एम्युलेटर. म्हणजे एका उपकरणाच्या आत दुसऱ्या उपकरणाचा आभास उभा करायचा.

तिसरा, फोर्क. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. तो घ्यायचा, त्यात बदल करायचे आणि आपली वेगळी सिस्टीम काढायची. पाया तोच असल्यानं बरीचशी ॲप तशीच चालतात.

हे भारतात आधी झालंय का?

झालंय, आणि फार पूर्वी नाही.

२०१३ मध्ये ब्लॅकबेरी १० ही सिस्टीम आली, तेव्हा तिच्यात अँड्रॉइड ॲप चालवण्याची सोय होती. पण गुगलचं प्ले स्टोअर नव्हतं. म्हणून २०१४ मध्ये ब्लॅकबेरीनं ॲमेझॉनच्या ॲपस्टोअरशी करार केला. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगनं 'झेड १' हा फोन सगळ्यात आधी भारतात आणला. किंमत ५,७०० रुपये. त्यात अँड्रॉइड नव्हतं, सॅमसंगची टायझेन सिस्टीम होती. काही अँड्रॉइड ॲप चालवण्यासाठी एसीएल नावाचा दुभाष्या थर वापरला गेला होता.

मायक्रोसॉफ्टनंही दोनदा प्रयत्न केला. २०१५ मध्ये विंडोज फोनवर अँड्रॉइड ॲप आणण्याचा 'अस्टोरिया' प्रकल्प जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी गुंडाळला. नंतर विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड ॲप चालवण्याची सोय दिली, तिचाही सपोर्ट ५ मार्च २०२५ ला बंद झाला.

आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे इंडस ओएस. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेले राकेश देशमुख आणि त्यांचे सहकारी यांनी अँड्रॉइडच्या पायावर भारतीय भाषांसाठी ही सिस्टीम उभी केली. मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनवर ती आली आणि सोबत स्वतःचं ॲप बझारही आलं. पुढं फोनपेनं ही कंपनी घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर सुरू केलं. जानेवारी २०२३ मध्ये चर्चेत आलेली 'भारओएस' ही आयआयटी मद्रासच्या पंखाखालच्या कंपनीची सिस्टीमसुद्धा अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरच उभी आहे.

म्हणजे तंत्रज्ञान आहे. मग अडतं कुठं? इथं कायदा येतो.

प्रश्न पहिला: हुकाचं माप कुणाच्या मालकीचं असू शकतं का?

ॲपचा कोड हा कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार 'साहित्यकृती' धरला जातो. कथा-कादंबरीला जे संरक्षण, तेच कोडला. त्यामुळं कुणाचा कोड उचलून आपल्या सिस्टीममध्ये टाकला, तर ते सरळ उल्लंघन आहे.

पण कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती मांडण्याच्या पद्धतीला मिळतो. भारतात हे तत्त्व पक्कं झालं ते एका नाटकामुळं. आर. जी. आनंद यांनी 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून उचलल्याचा दावा केला होता. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की विषय एक असला तरी मांडणी वेगळी असेल, तर ती चोरी नाही. आनंद हरले.

हेच सॉफ्टवेअरला लावलं तर? 'कॅमेरा उघड' असं सांगितल्यावर कॅमेरा उघडणं, हे काम कुणाच्या मालकीचं नाही. ते काम करणारा कोड मात्र ज्यानं लिहिला त्याचा.

मग हाक मारायचे नियम, म्हणजे एपीआय, यातलं नेमकं काय? कल्पना की मांडणी? यावर जगातली सगळ्यात मोठी लढाई अमेरिकेत झाली, आणि तीही अँड्रॉइडवरूनच. अँड्रॉइड बनवताना गुगलनं जावा या भाषेच्या एपीआयमधल्या सुमारे ११,५०० ओळी तशाच वापरल्या होत्या. जावाची मालकी ओरॅकलकडं आली आणि ओरॅकलनं २०१० मध्ये दावा लावला. अकरा वर्षांनी, ५ एप्रिल २०२१ ला, अमेरिकी सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध २ मतांनी गुगलच्या बाजूनं निकाल दिला. एपीआयला कॉपीराइट आहे की नाही हा प्रश्न कोर्टानं मोकळाच ठेवला. आहे असं गृहीत धरलं, तरी गुगलनं केलेला वापर 'न्याय्य वापर' आहे, एवढंच सांगितलं.

युरोपचं कोर्ट त्याआधीच, मे २०१२ मध्ये, आणखी स्पष्ट बोललं होतं. सॅस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रॅमिंग या खटल्यात कोर्टानं म्हटलं की प्रोग्रॅम काय काम करतो, याला कॉपीराइट नसतो.

हे दोन्ही निकाल भारतीय कोर्टांवर बंधनकारक नाहीत. पण आपल्याकडं एक गोष्ट थेट कायद्यातच लिहिलेली आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे.

कलम ५२: भारतीय कायद्यातली खिडकी

कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ म्हणजे 'हे केलं तर उल्लंघन धरू नये' अशा गोष्टींची यादी. १९९९ च्या दुरुस्तीनं त्यात सॉफ्टवेअरसाठी काही मुद्दे आले.

त्यातला ५२(१)(एबी) हा आपल्या कामाचा. सोप्या भाषेत तो असा: एखादा प्रोग्रॅम तुमच्याकडं कायदेशीर मार्गानं आला आहे. तुम्ही स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवायचा आहे. त्यासाठी लागणारी माहिती सहजासहजी मिळत नाही. तर ती माहिती मिळवण्यासाठी आवश्यक ती कृती करणं हे कॉपीराइटचं उल्लंघन नाही.

त्यापुढचा ५२(१)(एसी) म्हणतो, प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिलाय ते करताना त्याचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करून त्यामागची तत्त्वं समजून घ्यायला हरकत नाही. आणि ५२(१)(एडी) नुसार कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून स्वतःच्या, बिगरव्यावसायिक वापरासाठी प्रत काढता येते किंवा तिच्यात बदल करता येतो.

थोडक्यात, ट्रॉली बनवणाऱ्यानं ट्रॅक्टरचा हुक मोजणं हा गुन्हा नाही. पण तीन अटी लक्षात ठेवा. मूळ प्रत कायदेशीर हवी. नवा प्रोग्रॅम स्वतःचा हवा, उचललेला नको. आणि माहिती जुळवणीपुरतीच घ्यायची, त्या आडून अख्खा कोड नाही.

प्रश्न दुसरा: 'आय ॲग्री' वर बोट ठेवलं, त्याचं काय?

ॲप घेताना आपण ते विकत घेतो असं आपल्याला वाटतं. कायद्याच्या नजरेत आपण वापरण्याची परवानगी घेतो. २ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टानं 'इंजिनिअरिंग ॲनालिसिस' या करविषयक खटल्यात हा फरक नीट उलगडून सांगितला: सॉफ्टवेअरची प्रत हातात येते, कॉपीराइट येत नाही. ऑनलाइन केलेला करार केवळ ऑनलाइन आहे म्हणून अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०ए सांगतं.

आता ॲपलचा करार बघा. ॲप स्टोअरवरच्या ॲपसाठी ॲपलचं जे प्रमाणित लायसन्स आहे, त्यात परवानगी फक्त ॲपलच्या, आणि तुमच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या उपकरणांसाठी दिलेली असते. म्हणजे आयफोनचं ॲप सॅमसंगवर चालवायचा मार्ग सापडला, तरी ते त्या परवानगीच्या बाहेर जातं.

अँड्रॉइडची गोष्ट थोडी वेगळी. मूळ अँड्रॉइडचा कोड बहुतांश अपाचे लायसन्सखाली खुला आहे. तो कुणीही घेऊ शकतो. पण प्ले स्टोअर, जीमेल, गुगल मॅप्स आणि या सगळ्यांमागं काम करणारं 'प्ले सर्व्हिसेस' हे खुलं नाही, ते गुगलच्या मालकीचं आहे. नोटिफिकेशन, नकाशा, गुगल लॉगिन यांसाठी अनेक ॲप याच प्ले सर्व्हिसेसवर विसंबून असतात. त्यामुळं अँड्रॉइडचा सांगाडा फुकट मिळतो, आतली वायरिंग मात्र परवानगीशिवाय मिळत नाही.

करार मोडला तर पोलिस दारात येतात का? नुसता करारभंग हा दिवाणी विषय आहे. पण परवानगीबाहेर जाऊन प्रत काढली, वाटली किंवा विकली, तर तो कॉपीराइटचा विषय होतो.

मग कराराने कलम ५२ ची खिडकी बंद करता येते का? युरोपात याचं उत्तर कायद्यातच आहे: जुळवणीच्या हक्काविरुद्ध जाणारी अट रद्दबातल. भारताचा कायदा यावर गप्प आहे. आपल्याकडची सगळ्यात मोठी धूसर जागा हीच.

ग्राहक म्हणून एक वाट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नं 'अन्याय्य करार' ही संकल्पना आणली. एकतर्फी अटींविरुद्ध तक्रार करता येते. मात्र ती जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे कराडच्या ग्राहकाला अशा तक्रारीसाठी साताऱ्याचा जिल्हा आयोग उपयोगाचा नाही. काही शे रुपयांच्या ॲपसाठी एवढं कोण करणार, हा व्यवहाराचा प्रश्न उरतोच.

ॲपल दोनदा कोर्टात गेली, निकाल दोन आले

'दुसऱ्याच्या उपकरणावर ॲपलचं सॉफ्टवेअर' या विषयावरचे अमेरिकेतले दोन खटले शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

सायस्टार नावाची कंपनी २००८ पासून साध्या कॉम्प्युटरवर ॲपलची मॅक सिस्टीम टाकून विकत होती. ॲपलनं दावा लावला. २००९ मध्ये सायस्टार हरली आणि २०११ मध्ये अपिलातही हरली. ॲपलची वस्तूच दुसऱ्या डब्यात घालून विकणं कोर्टाला मान्य झालं नाही.

कोरेलियम या कंपनीनं वेगळं केलं. सुरक्षेतल्या त्रुटी शोधणाऱ्या संशोधकांसाठी त्यांनी सर्व्हरवर आभासी आयफोन उभा केला. २०१९ मध्ये ॲपल कोर्टात गेली. मे २०२३ मध्ये अपील कोर्टानं आयओएसपुरता हा वापर 'न्याय्य' ठरवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांत तडजोड झाली.

फरक कशात? एकानं ॲपलची वस्तू ॲपलच्याच बाजारात विकली. दुसऱ्यानं तिचा अभ्यास करण्यासाठी नवं साधन बनवलं. काम तेच वाटलं, तरी हेतू आणि बाजार बदलला की निकाल बदलतो.

प्रश्न तिसरा: कुलूप तोडलं तर?

अनेक ॲपमध्ये डिजिटल कुलूप असतं. ठरलेल्या फोनवरच चालायचं, पैसे भरले असतील तरच उघडायचं, अशी व्यवस्था. हे कुलूप काढणं वेगळा विषय आहे.

२०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं. कॉपीराइटचं संरक्षण करणारं तांत्रिक कुलूप, हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूनं तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

इथं 'हेतूनं' हा शब्द महत्त्वाचा. कायद्यानं ज्याला मनाई नाही अशा कामासाठी कुलूप काढलं, तर ६५ए लागत नाही. पण कायद्यात पुढं एक अट आहे, आणि कराडच्या दत्त चौकापासून विद्यानगरपर्यंतच्या प्रत्येक मोबाईल दुरुस्तीवाल्यानं ती वाचायला हवी. अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटवणारे तपशील आणि कुलूप कशासाठी काढलं, याची पूर्ण नोंद ठेवायची आहे.

म्हणजे संरक्षित ॲप किंवा गेमचं कुलूप ग्राहकासाठी काढून देणाऱ्या दुकानात वही असायला हवी. ती नसेल आणि उद्या प्रकरण निघालं, तर आपला हेतू चांगला होता हे दाखवायला दुकानदाराकडं काही उरत नाही.

आणखी एक रेघ इथंच ओढून घेऊ. फोनची सिस्टीम बदलणं आणि फोनचा आयएमईआय नंबर बदलणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट हा दूरसंचार कायद्याखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तिथं हेतूची चर्चा करत बसू नका.

पैसे लागणाऱ्या ॲपची 'क्रॅक' केलेली प्रत वापरणाऱ्यांसाठी कलम ६३बी आहे. नकली प्रत आहे हे माहीत असून ती वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापरलेली नसेल, तर कोर्ट कैद माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं.

प्रश्न चौथा: मोठी कंपनी छोट्याचं दार अडवू शकते का?

कॉपीराइटचं सगळं नीट पाळूनही गाडी अडू शकते. कारण बाजार ज्याच्या हातात, रस्ता त्याच्या हातात.

२०१२ चं उदाहरण घ्या. चीनच्या अलीबाबाची 'अलीयुन' ही सिस्टीम घेऊन एसर कंपनी फोन काढणार होती. त्या सिस्टीमवर अँड्रॉइड ॲप चालत होती. गुगलनं हरकत घेतली आणि कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला. कोर्ट नाही, खटला नाही. अँड्रॉइडच्या गटात राहायचं असेल, तर न जुळणारा अवतार काढायचा नाही, या बोलीनंच काम झालं.

हीच बोली भारतात भारतीय स्पर्धा आयोगासमोर आली. इथल्या १०० पैकी ९५ च्या आसपास स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. फोन कंपन्यांकडून गुगल जे करार करून घेत होती, त्यात फोर्क काढायचा नाही अशी अट होती. प्ले स्टोअर हवं असेल, तर हे मान्य करा. २० ऑक्टोबर २०२२ ला आयोगानं हा प्रबळ स्थानाचा गैरवापर ठरवला आणि १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

गुगल अपिलात गेली. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्थगिती नाकारली. २९ मार्च २०२३ ला राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार आदेश रद्द केले. रद्द झालेल्या चारपैकी तीन थेट आपल्या विषयाचे होते: प्ले सर्व्हिसेसचे एपीआय नाकारू नका, दुसरी ॲपस्टोअर प्ले स्टोअरवर येऊ द्या, आणि बाहेरून ॲप टाकण्यावर निर्बंध घालू नका. फोर्क काढू नका ही अट लादता येणार नाही, हा भाग मात्र टिकला. प्रकरण पुढं सुप्रीम कोर्टात गेलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. फोर्क फोन बनवायचं दार उघडलं, पण त्या फोनवर ॲप सुरळीत चालायला जे लागतं, ते देण्याची सक्ती गेली. घर बांधायला परवानगी मिळाली, नळजोडणीची हमी नाही.

टीव्हीच्या बाबतीत पुढचं पाऊल पडलं. एप्रिल २०२५ मध्ये अँड्रॉइड टीव्हीच्या अशाच प्रकरणात गुगलनं २०.२४ कोटी रुपये भरून आयोगाशी तडजोड केली. भारतासाठी वेगळा करार देऊन प्ले स्टोअर आणि टीव्हीची सिस्टीम यांची एकत्र सक्ती सोडली.

गुगल-ॲपलची बाजूही ऐका

कुलपं फक्त पैशासाठीच असतात, असं म्हणणं एकतर्फी होईल. कंपन्यांचा मुद्दा सुरक्षेचा आहे, आणि तो आपल्या व्हॉट्सॲपवर रोज दिसतो. 'आरटीओ चलन', 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान' अशा नावांनी एपीके फाईल येतात. त्या टाकल्या की ओटीपी चोरले जातात आणि खातं रिकामं होतं. स्टोअरबाहेरून ॲप टाकायची सवय लागली की अशा भामट्यांचं काम सोपं होतं. असं काही घडलंच, तर १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा.

याच कारणासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलनं जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायचं, तर डेव्हलपरनं ओळख पडताळून घ्यावी लागेल, मग ॲप प्ले स्टोअरबाहेरचं का असेना. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून चार देशांत, त्यानंतर इतरत्र. सुरक्षेसाठी हे योग्य म्हणणारे आहेत, आणि खुल्या रस्त्यावर टोलनाका बसवला म्हणणारेही आहेत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

मग कराडमध्ये बसून काय करायचं?

तुम्ही साधे वापरकर्ते असाल, तर स्वतःच्या फोनवर कायदेशीर मिळालेलं ॲप एखाद्या एम्युलेटरवर किंवा खुल्या सिस्टीमवर चालवून पाहणं हा काही तुरुंगात जाण्याचा विषय नाही. पण लायसन्सची अट मोडत असेल, तर कंपनी तुमचं खातं बंद करू शकते. बँकेची आणि यूपीआयची ॲप फोनची सिस्टीम मूळ आहे का, हे तपासून चालायला नकार देऊ शकतात. कायदा त्यांना तुमच्या जुगाडावर चालायची सक्ती करत नाही. त्यामुळं ज्या फोनवर बँक आहे, त्या फोनवर प्रयोग नकोत.

दुकानदार असाल, तर वही ठेवा, बिल द्या, क्रॅक ॲप भरून देऊ नका आणि आयएमईआयला हात लावू नका.

विद्यानगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून असा दुभाष्या थर लिहीत असाल, तर कायदा तुमच्या बाजूनं बराच आहे. कोड स्वतः लिहा. शक्य असेल तर मूळ सॉफ्टवेअरचा अभ्यास एकानं करावा आणि कोड दुसऱ्यानं लिहावा, म्हणजे नक्कल केली नाही हे दाखवता येतं. १९८० च्या दशकात आयबीएमशी जुळणारे कॉम्प्युटर असेच बनले. गुगलची किंवा ॲपलची ॲप सोबत जोडून देऊ नका आणि त्यांचा लोगो लावू नका. प्रत्येक गोष्ट कधी, कशी केली याची नोंद ठेवा. कारण कॉपीराइट कायद्याचं कलम ६२ दावा लावणाऱ्याला स्वतःच्या ठिकाणच्या कोर्टात जाण्याची मुभा देतं. काही बंधनं आहेत, पण मोठ्या कंपनीनं दावा दूरच्या शहरात लावला, तर कराडहून तारखांना जाणं हीच अर्धी शिक्षा ठरते.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर

आबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे: चालवणं हा आपोआप गुन्हा होत नाही, पण चालवून मिळावं हा हक्कही नाही. कायद्यानं जुळवणीची खिडकी १९९९ मध्ये उघडली. तेव्हा खिशात स्मार्टफोन नव्हते. आज रेशन, पीक पाहणी, बँक, परीक्षेचा निकाल सगळं फोनवर आलंय, आणि खिडकी तेवढीच आहे. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, पण त्याचा कायदा झालेला नाही.

खाजगी गेम एका फोनवर चालला नाही, तर फार बिघडत नाही. पण सरकारी सेवा एखाद्याच कंपनीच्या फोनवर चालत असेल, तर नागरिकाला नकळत त्या कंपनीचा ग्राहक व्हावं लागतं. त्यावरचा उपाय जुगाडात नाही आणि कोर्टातही नाही. ॲपसोबत तीच सेवा साध्या ब्राउझरवर, कुठल्याही फोनवर उघडेल अशी द्यायची, एवढं सरकार आजही करू शकतं. त्यासाठी ना गुगलची परवानगी लागते, ना ॲपलची.

तोवर आबांनी आयफोन वापरावा, आणि जुना अँड्रॉइड मोडीत काढू नये.